संकोचाचे दुखणे

मराठीत ‘उन्हाळी लागली’ असा एक शब्दप्रयोग आहे. लघवीला जळजळ होऊ लागली, घडीघडी जावे लागू लागले, की घरातील वडीलधारी स्त्री हे दोन शब्द उच्चारते, धणे-जिऱ्याचे पाणी पिते आणि विषय संपवते. उन्हातान्हात पाणी कमी पडून होणाऱ्या तात्पुरत्या त्रासाला एवढा उपाय पुरतही असेल. परंतु साठी उलटलेल्या, दहा-वीस वर्षे मधुमेह सोबत असलेल्या स्त्रीच्या बाबतीत हे दोन शब्द म्हणजे पुष्कळदा एका खऱ्या रोगावर घातलेले पांघरूण असते. तो रोग म्हणजे मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. वेळीच ओळखला तर साधा, अंगावर काढला तर मूत्रपिंडापर्यंत आणि क्वचित रक्तापर्यंत पोहोचणारा.

त्याची कारणे गूढ नाहीत. स्त्रीचा मूत्रमार्ग मुळातच आखूड, जेमतेम चार सेंटिमीटरचा. आतड्यातील जंतूंना मूत्राशय गाठायला लांबचा प्रवास करावा लागत नाही. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते, तेथील त्वचा पातळ व कोरडी होते आणि उपद्रवी जंतूंना अटकाव करणारे उपकारक जंतू कमी होतात. त्यात मधुमेहाची भर पडते. साखर फार वाढली की शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते. शिवाय जुन्या मधुमेहात मूत्राशयाच्या मज्जातंतू बधिर होतात. मग मूत्राशय भरल्याची जाणीव उशिरा होते, ते पूर्ण रिकामेही होत नाही, आणि साचून राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात.

हे झाले शरीराचे. पण या रोगाला समाजाने आपल्या बाजूने घातलेले खतपाणी अधिक विचार करण्याजोगे आहे. आपल्याकडची वयस्क स्त्री पाणी पिते ते हिशेब करून. बाहेर जायचे असेल तर सकाळपासून पाणी तोडायचे. लग्नघरी, देवळात, दवाखान्याच्या रांगेत ‘जाण्याची’ पाळी येऊ नये याची दक्षता घ्यायची. रात्री उठावे लागू नये, सुनेची झोपमोड होऊ नये, म्हणून संध्याकाळनंतर पेल्याला हात लावायचा नाही. शौचालय घराबाहेर किंवा चाळीच्या टोकाला असेल तर ही काटकसर आणखी कडक. याला कोणी सहनशीलता म्हणेल. वैद्यकशास्त्र त्याला जंतूंना दिलेली सवड म्हणते. वरचेवर संसर्ग होणाऱ्या, परंतु रजोनिवृत्ती न झालेल्या स्त्रियांवरील एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज दीड लिटर पाणी अधिक पिणाऱ्या गटात संसर्गाचे प्रसंग जवळजवळ निम्म्यावर आले. वृद्ध मधुमेही स्त्रीला तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, आणि हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. तथापि दिशा स्पष्ट आहे.

राज्य शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस. टी.चा प्रवास मोफत केला आणि मार्च २०२३ मध्ये स्त्रियांचे भाडे निम्मे केले. दोन्ही निर्णय स्वागतार्ह होते. पण तिकिटाची चिंता मिटलेली आजी चार तासांच्या प्रवासाला निघताना घोटभर पाणी पिण्यास धजत नसेल, तर सवलत अर्धवटच राहिली. मुंबईत २०११ पासून स्त्रियांच्या संघटनांनी याच प्रश्नावर चळवळ उभी केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि स्त्रियांना मात्र पैसे, हा अन्याय त्यांनी चव्हाट्यावर आणला. त्या मागणीची चेष्टा करणारेही निघाले. चेष्टा करणाऱ्यांच्या घरातही आई होती, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे.

घरात करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. लघवी दाबून ठेवू नये. जाणीव होवो न होवो, दिवसा तीन-चार तासांनी जावे आणि घाई न करता मूत्राशय पूर्ण रिकामे करावे. शौचानंतरची स्वच्छता पुढून मागे अशी करावी. बद्धकोष्ठ राहू देऊ नये. साखर ताब्यात ठेवावी, हे तर सांगायलाच नको. वरचेवर त्रास होणाऱ्या वृद्ध स्त्रियांसाठी योनिमार्गात लावावयाचे इस्ट्रोजेनचे मलम हा खरोखर गुणकारी उपाय आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते वापरणाऱ्या स्त्रियांना वर्षाला सरासरी ०.५, तर न वापरणाऱ्यांना ५.९ वेळा संसर्ग झाल्याचे आढळले. तीस वर्षे उलटूनही हा उपाय आपल्याकडे फारसा सुचवला जात नाही. विचारणारीला लाज वाटते आणि सांगणाराही संकोचतो. उलट क्रॅनबेरीच्या साखरभरल्या रसाची जाहिरात मात्र मधुमेही बाईपर्यंत बरोबर पोहोचते!

मधुमेहावरील काही नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय व मूत्रपिंड यांना त्या उपकारक आहेत, पण त्यांमुळे जननेंद्रियाच्या जागी बुरशीचा संसर्ग होण्याचा संभव वाढतो. खाज किंवा जळजळ झाल्यास गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. कोणताही त्रास नसताना केवळ लघवीच्या तपासणीत जंतू दिसले म्हणून प्रतिजैविके दिली जातात. कॅनडात १०५ मधुमेही स्त्रियांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने अशा उपचारांचा लाभ नसल्याचे दाखवले. औषधे वाढली, दुखणी कमी झाली नाहीत. औषधाच्या पाकिटावरील उभ्या लाल रेषेचा अर्थ केंद्र शासनाने २०१६ पासून जाहिरात करून सांगितला. तरी शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेण्याची प्रथा थांबलेली नाही. जंतू अशा अर्धवट मात्रांना सरावतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी औषध निकामी ठरते. ती गरज ओळखावी कशी? थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे, उलट्या, अशी लक्षणे मधुमेही वृद्धेत दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठला पाहिजे. तेथे धणे-जिऱ्याचे काम नव्हे.

मधुमेहाच्या तपासणीला येणाऱ्या स्त्रीची साखर मोजली जाते, रक्तदाब पाहिला जातो, पावले तपासली जातात. ‘लघवीचा काही त्रास आहे का, आणि पाणी किती पिता?’ हा प्रश्न परिचारिकेने त्याच वेळी, आडोशाला, विचारावा. त्याला पैसा लागत नाही. एस. टी. स्थानकावरील स्त्रियांचे स्वच्छतागृह रात्रीही उघडे, उजेडाचे आणि पाण्याचे ठेवण्यास मात्र लागतो, आणि तो पुढच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम म्हणून दिसला पाहिजे.