परदेशी मित्राची भेटवस्तू

फेसबुकवर किंवा एखाद्या विवाहविषयक संकेतस्थळावर ओळख होते. समोरचा स्वतःला परदेशात राहणारा डॉक्टर, वैमानिक किंवा जहाजावरचा इंजिनीअर म्हणवतो. बहुधा तो विधुर असतो. रोज सकाळी न चुकता विचारपूस करतो, आजारपणात औषध घेतले का म्हणून विचारतो. मुले नोकरीनिमित्त दूर गेलेली, घरात दिवसभर बोलायला कुणी नाही, अशा एकट्या स्त्रीचे किंवा पुरुषाचे मन त्यात गुंतले तर नवल नाही.

मग एके दिवशी तो भेटवस्तू पाठवल्याचे कळवतो. पाठोपाठ विमानतळावरच्या कस्टम अधिकाऱ्याच्या नावाने फोन येतो. पार्सलमध्ये दागिने आणि परकीय चलन आहे, आधी शुल्क भरा! ते भरले की दंड, दंड भरला की आणखी कसला तरी कर, आणि शेवटी अटकेची धमकी. पार्सल मात्र मुळात नसतेच.

कस्टम खाते कुणाच्याही खासगी खात्यात शुल्क भरायला सांगत नाही. या खात्याच्या पत्रावर 'डिन' नावाचा क्रमांक असतो. तो खऱ्या पत्रावरचा आहे की नाही, हे खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येते.

पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे. ठग ती रक्कम भराभर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवतात. ती काढून घेण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर बँका ती रोखून धरू शकतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड नुसार, संगणक वा फोनच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पण तक्रार करायची कुणी? 'या वयात हे काय सुचले?' असे सुना-मुले म्हणतील, या भीतीने आई गप्प बसते. दागिने गहाण टाकते, मुदत ठेव मोडते, पण बोलत नाही. ठगाला हेच हवे असते. म्हणूनच 'घरी कुणाला सांगू नकोस' असे तो आधीच बजावून ठेवतो.

तेव्हा घरच्या माणसांनी आधी फोन करावा, बँकेत जावे, संदेश आणि पावत्या जपून ठेवाव्यात. बोल लावण्याची घाई करू नये. आई जे त्या परक्या माणसाशी बोलत होती, ते ऐकायला आता घरातल्याच कुणीतरी रोज थोडा वेळ काढावा.