गॅस भरणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

मागच्या एप्रिलमध्ये अब्बांना डोळ्यांच्या तपासणीसाठी कोल्हापूरला न्यायचे होते. जायचे तर आपल्याच गाडीतून, हा त्यांचा हट्ट. आपली गाडी म्हणजे १९९४ सालची प्रीमियर पद्मिनी. सकाळी निघालो तेव्हा एसीचा थोडाफार गारवा होता. हातखंबा सोडला आणि पुढच्या सीटवर बसलेल्या अब्बांच्या पायावर पाणी ठिबकू लागले. आंबा घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत ऊन चढले होते आणि गारवाही गेला होता. अब्बा काही बोलले नाहीत. रुमालाने पाय पुसत राहिले आणि खिडकीची काच खाली केली.

राग यावा असे कारण होते. त्या एसीत चौदा महिन्यांत आम्ही तीन वेळा गॅस भरून घेतला होता. दरवेळी गॅरेजवाला म्हणायचा, "गॅस संपला होता, भरलाय. आता टेन्शन नाही." आम्ही पैसे द्यायचो आणि घरी यायचो. चार महिन्यांनी पुन्हा तेच. चौथ्यांदा तो म्हणाला, "आता जुनी गाडी काढूनच टाका, सर."

हा लेख त्या गॅरेजवाल्याविरुद्ध नाही. माझ्यासारख्या बीएड झालेल्या, रोज मुलांना "का?" विचारायला शिकवणाऱ्या माणसाने तीन वेळा पैसे मोजताना एकदाही "का?" विचारले नाही, त्याबद्दल आहे.

आधी गाडीविषयी थोडे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होत असे. तीच गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी नावाने ओळखली जाऊ लागली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगजवळचा हातगिअर. मुंबईची काळी-पिवळी म्हणून तिने दोन पिढ्या पोसल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. आमच्या अब्बांनी आखातातल्या नोकरीच्या पैशांतून ती घेतली आणि वर्षभराने मुंबईतच डॅशबोर्डखाली एसी बसवून घेतला. म्हणजे तो एसी कंपनीचा नव्हे, बाजारातला. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

आता मुद्दा. गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीतल्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, मग एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून कुलिंग कॉइलमध्ये शिरतो, तिथे त्याची वाफ होते आणि ती होताना तो आतल्या हवेतली उष्णता शोषून घेतो. परत कॉम्प्रेसर, परत तेच चक्र. रबरी नळ्यांतून आणि शाफ्टच्या सीलमधून वर्षानुवर्षांत थोडासा गॅस कमी होतो, ते समजण्यासारखे आहे. पण चार महिन्यांत रिकामा होत असेल, तर तो संपलेला नसतो, गळालेला असतो. गळक्या माठात रोज पाणी ओतणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. गॅस डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिथे मात्र आपण खुशाल ओतत राहतो.

शेवटी गाडी नेली ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे. आयटीआय करून तो सहा वर्षे आखातात एसीची कामे करून आला आणि आता रत्नागिरीतच छोटे गॅरेज चालवतो. त्याने माझे सगळे ऐकून घेतले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सर, एवढा गॅस गेला कुठे, ते कोणी बघितलं का?"

कोणीच बघितले नव्हते.

पायावर ठिबकणारे पाणी हा वेगळाच विषय निघाला. आपल्या कोकणातली दमट हवा थंड कॉइलला लागली की तिच्यातले पाणी बाहेर पडते आणि एका बारीक नळीने गाडीखाली जाते. त्या नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. तार घालून ती नळी मोकळी करायला दहा मिनिटे लागली, आणि त्याचे त्याने पैसे घेतले नाहीत. पाणी गळते म्हणजे कॉइल गेली, असे सांगून कुणी कॉइल बदलायला लावत असेल तर एवढे लक्षात ठेवा: कॉइलमधून गळतो तो गॅस आणि त्याच्याबरोबर थोडे तेल. पाणी कधीच नाही.

गॅसची गळती शोधायला मात्र त्याने अख्खी दुपार घातली. आधी सगळ्या जोडांवर बोट फिरवून तेलकट धूळ कुठे बसली आहे ते पाहिले. गॅससोबत तेल फिरते, त्यामुळे जिथून गॅस निसटतो तिथे डाग राहतो. मग नळ्यांमध्ये नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावला. एका जोडाची ओ-रिंग कडक होऊन चिरली होती, तिथे बुडबुडे आले. एवढ्यावर तो थांबला असता तरी मी खूश होऊन घरी गेलो असतो. पण दाब अजूनही उतरत होता. त्याने डॅशखालची पेटी उतरवली, कॉइल बाहेर काढली आणि दाब देऊन पाण्याच्या टबात बुडवली. तीन ठिकाणांहून बुडबुड्यांच्या माळा वर आल्या. तांब्याच्या नळ्या, अॅल्युमिनियमच्या पात्या आणि वर तीस वर्षांची खारी हवा. आतून सडलेली होती.

दुरुस्त करायची की बदलायची? जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये यावर दोन टोके दिसतात. एकाला प्रत्येक स्क्रू मूळचाच हवा असतो, तर दुसऱ्याला कशालाही हात न लावता सरळ नवे बसवायचे असते. मला माझ्या विद्यार्थ्याचा हिशेब पटला. जोड गळत असेल तर ओ-रिंग बदला, काही रुपयांचे काम आहे. रबरी नळी पाझरत असेल तर तेवढी नळी नवी करा. कंडेन्सरला दगड लागून एखादेच भोक पडले असेल आणि बाकीचा भाग धड असेल, तर ब्रेझिंग करून घ्या. पण धातूच सडला असेल तर डाग देत बसू नका. आज एक भोक बुजवाल, पुढच्या महिन्यात शेजारी दुसरे पडेल, आणि दरवेळी भरलेला गॅस वाया जाईल.

मिरकरवाड्यात पावसाळ्याच्या मासेमारी बंदीत जाळी विणत बसलेल्यांना पाहा. फाटलेला भाग ते शिवतात. पण सूत कुजले असेल तर तेवढा तुकडा कापून नवा जोडतात. अख्खे जाळे फेकत नाहीत आणि कुजक्या सुतावर गाठीही मारत नाहीत. दुरुस्तीचे शहाणपण आपल्या गावात आधीपासून आहे. ते मोटारीपर्यंत पोचलेले नाही, एवढेच.

अब्बा थोडे कुरकुरले, "म्हणजे आता गाडी मूळची राहिली नाही." मी म्हटले, "अब्बा, एसी तरी कुठे मूळचा होता?" ते हसले. जुनी पेटी, जुनी बटणे, जुना पंखा तसाच ठेवून आत त्याच मापाची नवी कॉइल बसली. जुन्या गाडीचा जीव डॅशबोर्डखाली लपलेल्या कॉइलमध्ये नसतो.

त्यानंतरची कामेही त्याने गाळली नाहीत. ड्रायर नवा घातला, कारण एकदा नळ्या उघडल्या की तो कोकणातली ओल पिऊन बसतो. व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढली, पंप बंद करून काटा हलतो का ते पाहिले, आणि मग गॅस वजन करून भरला. मूळ एसी आर-१२ गॅसचा होता. तो गॅस मिळेनासा झाल्यावर मधल्या काळात कुणीतरी तेल आणि नळ्या न बदलता थेट आर-१३४ए भरला होता. जुने खनिज तेल या गॅसमध्ये मिसळत नाही आणि जुन्या साध्या रबरी नळ्यांतून तो जास्त पाझरतो. तेही सगळे आता बदलले. स्वस्त पडतो म्हणून काही ठिकाणी जुन्या एसीत ज्वलनशील हायड्रोकार्बन गॅस भरतात. पेट घेणारा गॅस आणि आपल्या गुडघ्याजवळची गळकी कॉइल, हा जुगार कुणीही खेळू नये.

आता तुम्ही म्हणाल, गाडी माझी, पैसे माझे, गळेना का गॅस! इथेच माझा आक्षेप आहे. आर-१२ सारख्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंनी ओझोनचा थर विरळ केला, म्हणून १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि जगाने ते वायू टप्प्याटप्प्याने बंद केले. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट आहे. अर्धा किलो गळला तर सातशे किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे झाले, म्हणजे अंदाजे ३०० लिटर पेट्रोल जाळण्याइतके. मी हे तीन वेळा केले. वर्गात १६ सप्टेंबरला ओझोन दिनाचे फलक लावून घेणारा मास्तर तो मीच.

आपल्या घरांत 'इस्राफ' हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. वजू करताना नळ सोडू नकोस, ताटात भात टाकू नकोस. पण जे डोळ्यांना दिसत नाही त्याची उधळपट्टी आपण इस्राफात धरतच नाही.

कुणी म्हणेल, एवढी काळजी आहे तर जुनी गाडी भंगारात का देत नाही? जुने इंजिन नव्यापेक्षा जास्त धूर सोडते, हे खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. रोजच्या धावपळीला मी पद्मिनी वापरणार नाही. पण महिन्यातून एक-दोनदा निघणाऱ्या गाडीच्या बदल्यात नवी घ्यायची, तर तिचे पोलाद, रबर आणि प्लास्टिक तयार करतानाही धूर होतोच. नीट राखलेली, कमी चालवलेली जुनी गाडी मी समजू शकतो. गळकी गाडी तशीच रेटण्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

शेवटचे जे सांगायचे आहे, ते सांगायला जड जाते. हा विद्यार्थी आठवीत असताना मी भर वर्गात त्याला म्हटले होते, "अभ्यास केला नाहीस तर गॅरेजमध्ये पाने धूत बसशील." मला ते आठवत होते. त्यालाही आठवत असणारच. त्याने विषय काढला नाही. उलट काम झाल्यावर काढलेली कॉइल माझ्या हातात ठेवली आणि कुठे, कशी सडली ते एकेक करून समजावले. मी निमूट ऐकत होतो. त्या दुपारी शिक्षक तो होता.

आपल्या समाजात आपण तालीम आणि हुनर यांना दोन वेगळ्या रांगांत उभे केले आहे. डिग्रीवाल्याला इज्जत आणि पाना धरणाऱ्याला "बिचारा शिकला नाही". आपली किती मुले आखातात हीच कामे करून घरे चालवतात! आणि त्यांच्याच पैशांवर शिकलेले आम्ही त्यांना धडा नापास झाल्याचे उदाहरण म्हणून दाखवतो. गळती शोधायला निरीक्षण लागते, तर्क लागतो, धीर लागतो आणि खोटे न बोलण्याची सवय लागते. हे सगळे मी फळ्यावर शिकवतो. तो रोज वापरतो.

म्हणून दोन विनंत्या. पुढच्या वेळी गॅरेजवाला "गॅस संपला" म्हणाला, तर "गळती कुठे आहे, दाखवा" एवढे विचारा, आणि जो शोधून दाखवेल त्याच्या वेळेचे पैसे घासाघीस न करता द्या. गळती न शोधता गॅस भरणारा स्वस्त पडतो, कारण शोधणाऱ्याच्या मेहनतीची किंमत आपण द्यायला तयार नसतो. आणि दुसरी विनंती माझ्याच व्यवसायातल्या भावा-बहिणींना: गॅरेजची भीती दाखवून मुलांना अभ्यासाला बसवू नका.

मी ते वाक्य परत घेतले आहे. त्याच्या गॅरेजमध्ये, त्याच्या दोन शिकाऊ पोरांसमोर. "जाऊ द्या ना, सर," म्हणाला आणि चहा मागवला. यंदाच्या एप्रिलमध्ये अब्बांना पुन्हा कोल्हापूरला नेले. घाट चढताना इंजिनावर ताण नको म्हणून एसी बंद केला, वर पोचल्यावर पुन्हा लावला. गारवा होता आणि अब्बांचे पाय कोरडे होते.