गवती घरास ‘कच्चें’ कां म्हणावें?

स्वारगेटहून भोर, वेल्हें, पानशेत या बाजूंस एस्. टी.नें जाणाऱ्या वाचकांनीं एक गोष्ट पाहिली असेलच. घाटमाथा जवळ येतो तसतशीं जुन्या घरांचीं छपरें उभट होत जातात. उलट इंदापूर-शिरुराकडे पाऊस तुटपुंजा, म्हणून तेथें मातीचें सपाट धाबें चालतें. पाऊस पाहून घराचा माथा ठरविण्याची ही रीत कोणा इंजिनियरानें शिकविलेली नव्हे.

मावळांतलें जुनें गवती घर घ्या. ऐनाच्या मेढी, वर आढें, त्यावर वासे. कारवीच्या काठ्यांचा कुड व त्यास शेणमातीचा लेप. उतार इतका कीं पाणी गवतांत मुरण्याआधीं वळचणीस यावें. वळचण इतकी खालीं कीं तिरपा पाऊस कुडास लागूं नये. चुलीचा धूर छपरांतूनच निघे, त्यानें कीड आवरे. एकाच छपराखालीं माणसें, गुरें व माळ्यावर वैरण. यांत अडाणीपणा कोठें आहे तें आम्हांस दिसत नाहीं.

तरीहि दप्तरांत या घराचें नांव एकच, ‘कच्चें’. मुलकी खात्यांत कारकुनी करितांना हा शब्द आमच्या डोळ्यांखालून असंख्य वेळां गेला. २०१६ सालीं आलेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेंतहि कच्च्या भिंती व कच्चें छप्पर हीच गरजूची खूण ठरली. त्या मदतीस आमची हरकत मुळींच नाहीं. गळक्या घरांत लेकरें निजवा असें कोण म्हणेल? पण आमचे वाचक बहुतेक जमीनधारक. त्यांस मदतीची गरज नसतां केवळ त्या शब्दाच्या लाजेनें चांगलीं घरें पाडलीं जातात, व उन्हाळ्यांत दुपारीं पत्र्याखालीं बसवत नाहीं म्हणून मंडळी आंब्याखालीं खाट टाकितात!

गवतास आगीचें भय आहे, हें खरें. लंडन शहरानें १२१२ सालच्या आगीनंतर नव्या गवती छपरांस मनाई केली. पण इंग्लंडच्या खेड्यांनीं गवत सोडलें नाहीं. शॉटरी गांवीं शेक्सपियरच्या पत्नीचें माहेर, बारा खोल्यांचें गवती शेतघर, १८९२ सालीं एका विश्वस्त संस्थेनें विकत घेतलें. १९६९ सालीं त्यास आग लागली. तें दुरुस्त करून पुनः गवतानेंच शाकारलें. शेतकऱ्याच्या घराची एवढी बूज!

आमच्याकडे खरी अडचण शाकारणीची. पूर्वीं वैशाखांत सावडीनें चार घरचे हात येत. आतां सावड मोडली, आणि रोजानें माणूस लावावा तर शाकारणारा मिळत नाहीं. म्हणून राहतें घर गवतीच ठेवा असा आमचा आग्रह नाहीं. निदान गोठा व वैरणीची खोप तरी गवती ठेवावी, आणि बांधाचें गवत न जाळतां त्यासाठीं राखावें. पत्रा घातलाच असेल तर त्यावर पेंढ्याचा वा पाचटाचा थर बांधून पाहावा.

ज्यांस जुनें घर उतरविणें भागच आहे त्यांनीं आधीं खण मोजून नकाशा उतरून घ्यावा. लांकूडफाटा घेणारे दलाल गांवांत हिंडत असतात, ते सगळ्या घराचा एकच ठोक भाव सांगतात. तुळया, खांब व वासे वेगळे मोजून घनफूट काढल्याशिवाय त्यांस होकार देऊं नये.