‘सर्वत्र बदला’ म्हणजे नेमके काय बदला?

सप्टेंबर २०२३मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद जिल्ह्यांना छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे देणाऱ्या अधिसूचना निघाल्या, पुढच्या वर्षी अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. तेव्हापासून प्रोग्रॅमर वाचकांच्या पत्रांत एकच तक्रार आहे. वरून एका ओळीचा आदेश येतो: सर्व नोंदींत जुने नाव काढून नवे घालावे. मुदत दोन-तीन दिवसांची. कोणत्या नोंदी, अपवाद कोणते, याबद्दल चकार शब्द नाही.

सरसकट रिप्लेस मारले की औरंगाबादकर आडनावाच्या खातेदाराचे आडनावच बदलते. म्हणून मंडळी पूर्ण शब्दासाठी बॅकस्लॅश-बी लावतात आणि निर्धास्त होतात. घात तिथेच आहे. पायथॉनचे मूळ ‘आरई’ मॉड्यूल काना, मात्रा, वेलांटी यांना शब्दात धरतच नाही. त्याच्या लेखी ‘औरंगाबादेत’मधला शब्द ‘द’पाशी संपतो. मग ‘छत्रपती संभाजीनगरेत’ तयार होते, उस्मानाबादी शेळीची ‘धाराशिवी’ शेळी होते. आणि बदल जिथे हवा ते ‘औरंगाबादला’, ‘औरंगाबादहून’ तसेच राहते, कारण तिथे ‘द’नंतर अक्षर येते. जावास्क्रिप्टची बाउंड्री तर रोमन अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर एवढेच ओळखते. निव्वळ देवनागरी मजकुरात तिला काहीच सापडत नाही, एररही येत नाही, आणि अहवालात ‘काम पूर्ण’ अशी नोंद होते.

मात्रादी चिन्हे शब्दातच धरावीत, असे युनिकोडचे तांत्रिक मानक क्र. १८ सांगते. पायथॉनसाठी वेगळे मिळणारे ‘रेजेक्स’ मॉड्यूल ते पाळते. जावास्क्रिप्टमध्ये यू फ्लॅग लावून, लुकबिहाइंड आणि लुकअहेडमध्ये अक्षर, चिन्ह व अंक हे युनिकोड वर्ग घालून हद्द आपणच आखावी. ला, चा, हून यांसारख्या प्रत्ययांची यादी जोडावी. ‘औरंगाबादेत’चे ‘छत्रपती संभाजीनगरात’ करणारा नियम स्वतंत्र लिहावा. एवढेही न करता इंग्रजी वाक्यांवर चाचणी उरकणाऱ्या व्यवसायबंधूंची बाजू आम्ही घेणार नाही.

पण पॅटर्न कितीही नेमका लिहिला, तरी बिहारमधला औरंगाबाद जिल्हा त्याला ओळखू येणार नाही. जुन्या निकालपत्रातले, जुन्या गुणपत्रिकेतले नाव बदलायचे की नाही, हेही त्याला ठरवता येणार नाही. तो निर्णय आदेश काढणाऱ्याचा आहे. तो प्रोग्रॅमरच्या गळ्यात टाकून, चूक निघाल्यावर त्यालाच नोटीस देणे हा अन्याय आहे.

तेव्हा मित्रांनो, आदेश आला की आधी लेखी विचारा: कोणती टेबले, कोणते रकाने, कोणत्या तारखेपासूनच्या नोंदी? उत्तर येईपर्यंत मूळ डेटाबेसला हात लावू नका. आधीच्या आणि नंतरच्या ओळींचा डिफ मराठी नीट वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. नवी प्रणाली बांधताना जिल्ह्याचे नाव ओळीओळीत साठवू नका. लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीचा कोड साठवा आणि नाव एकाच टेबलात ठेवा. तुमच्याकडे फसलेल्या ओळी, खासगी तपशील काढून, आम्हाला पाठवा. त्यांतून सर्वांना वापरता येईल असा चाचणीसंच आपण याच मासिकात छापू.