विषाणूंची वही आणि आपल्या जिल्ह्याचे नाव

सन 2021 च्या जून महिन्यात रत्नागिरीचे नाव ज्या कारणाने देशभर गाजले, ते आमच्या वाचकांच्या स्मरणात असेलच. सुमारे 7,500 नमुन्यांत कोरोनाच्या 'डेल्टा प्लस' या प्रकाराचे 21 रुग्ण आढळल्याचे राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केले. त्यांपैकी 9 आपल्या जिल्ह्यातील होते. जळगावचे 7 होते. त्याच महिन्यात संगमेश्वर तालुक्यातील एका वृद्ध बाईंचा मृत्यू या प्रकाराने झाल्याचे सांगण्यात आले. मग काय विचारता! जिल्ह्याच्या नावास जणू डाग लागला, असे पुष्कळांस वाटले. तो डाग नव्हता, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ते पटवून देण्यास प्रथम हे आकडे कोठून येतात हे सांगितले पाहिजे.

विषाणूचे सारे गुणधर्म त्याच्या जनुकीय मजकुरात लिहिलेले असतात, व तो मजकूर अवघ्या चार अक्षरांचा असतो. कोरोनाच्या विषाणूची अशी अक्षरे 11 जानेवारी 2020 रोजी सर्व जगापुढे खुली झाली, आणि त्या अक्षरांवरूनच ठिकठिकाणी चाचण्या व लसी यांची आखणी सुरू झाली. भारतातील पहिला रुग्ण 30 जानेवारीस केरळात सापडला. तेथील रुग्णांच्या नमुन्यांतील मजकूर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वाचून जगाच्या सामाईक संग्रहात जमा केला. 'जीआयएसएआयडी' या नावाचा हा संग्रह सन 2008 मध्ये इन्फ्लुएंझाच्या विषाणूंसाठी सुरू झाला होता. पुढे त्यात कोरोनाच्या दीड कोटींहून अधिक नोंदी जमल्या.

एवढ्या नोंदींचे करावयाचे काय? आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे की, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती ताडून पाहून तिचा पाठ शुद्ध केला. एका लेखकाने नक्कल करताना चूक केली की ती त्याच्या प्रतीवरून उतरलेल्या सर्व प्रतींत शिरते, आणि त्या चुकीवरूनच कोणती प्रत कोणत्या घराण्यातील हे ओळखता येते. विषाणूही आपली नक्कल करताना असाच चुकतो. डेल्टा प्लस म्हणजे डेल्टाच्या घराण्यातील एक शाखा. तिच्या काटेरी प्रथिनात 417 व्या स्थानी लायसिनाच्या जागी अ‍ॅस्परजिन आले होते. बदल एवढाच. तो कितपत घातक, हे त्या दिवशी कोणासही सांगता येत नव्हते. पुढे ही शाखा फारशी फोफावली नाही, हेही त्याच वहीवरून कळले.

आता त्या नऊ रुग्णांकडे पाहू. ज्या ठिकाणचा नमुना कोणी वाचला नाही, तेथे वहीत शून्य दिसणारच. परंतु त्याचा अर्थ तेथे रोग नाही असा करता येत नाही. नाव झळकते ते पाहिल्या गेलेल्या जागेचे. दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी नोव्हेंबर 2021 मध्ये ओमिक्रॉनची वार्ता तत्परतेने जगास दिली, आणि बक्षीस म्हणून काही दिवसांतच अनेक राष्ट्रांनी त्यांच्या विमानांस दारे लावली! अशा वागणुकीने पुढच्या वेळी कोण तत्परता दाखवील? जो प्रामाणिकपणे नोंद करतो त्यालाच बहिष्कृत करणे, हा आमच्या मते अन्यायच होय, मग तो राष्ट्रांनी राष्ट्रावर केलेला असो की शेजाऱ्यांनी वाडीवर केलेला असो.

नावाचा असाच भार नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा या गावावर पडला आहे. सन 1965 मध्ये तेथील रुग्णांत आढळलेला विषाणू पुण्याच्याच संस्थेने वेगळा केला, आणि गावाचे नाव त्यास कायमचे चिकटले. आज गुजरातेत मूल आजारी पडले तरी बातमीत चांदीपुरा येते. जागतिक आरोग्य संघटनेने सन 2015 मध्ये नव्या रोगांस गावांची वा देशांची नावे देऊ नयेत असे सुचविले, आणि 31 मे 2021 रोजी कोरोनाच्या प्रकारांस ग्रीक अक्षरे दिली, हे उचितच झाले. नोंदीत तारीख हवी, जिल्हाही हवा, कारण त्यांवाचून साथीची वाट कळत नाही. परंतु वाडी व घर यांची चर्चा बाजारात होण्याचे काडीमात्र कारण नाही.

पालकांस आमचे एक मागणे आहे. ही विद्या केवळ मोठ्या प्रयोगशाळांपुरती राहिलेली नाही. 'जेनबँक' हा अमेरिकेतील संग्रह सन 1982 पासून चालू असून तो कोणासही विनामूल्य पाहता येतो. चांदीपुराची अक्षरेही तेथे आहेत. 'नेक्स्टक्लेड' या साधनात असा मजकूर घातला असता मूळ प्रतीशी तो कोठे जुळत नाही, हे घरच्या संगणकावर दिसते. जीआयएसएआयडीत मात्र नाव नोंदवावे लागते व काही अटी पाळाव्या लागतात. त्यावर टीका होते; पण आपल्या श्रमाचे श्रेय दुसरा नेईल ही भीती असता कोणी आपली वही उघडीत नाही, म्हणून आम्हांस त्या अटी समजण्यासारख्या वाटतात. नववी-दहावीच्या मुलामुलींनी सुटीत जेनबँकेतील एक नोंद उघडून तिच्यातील तारीख, ठिकाण व अक्षरसंख्या टिपून आणावी. पालकांनी त्यांच्याजवळ बसून ती पाहावी. पुढल्या साथीत जिल्ह्याचा आकडा वर्तमानपत्रात आला की, किती नमुन्यांतून तो काढला, हा प्रश्न मग घरातूनच विचारला जाईल.