नावं ठेवणारे आणि नाव देणारे

शुक्रवारी कॅन्टीनमध्ये वाद झाला. (खरं तर मीच उकरून काढला. असो.) विषय काय, तर हायड्रा! एक मित्र म्हणाला, "तळ्यातल्या काही मिलिमीटरच्या जिवाची जात ठरवत बसायला सरकारी पगार? उपयोग काय रे त्याचा?" सगळे हसले. मीही चहा संपवून गप्प उठलो. उत्तर नेहमीप्रमाणे शनिवारी सुचलं.

हायड्रा आठवतोय ना? शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातली ती आकृती, अंगावर मुकुल फुटलेला. तुकडे केले तरी तुकड्यांमधून नवे प्राणी तयार होतात. आपण मार्कांपुरता पाठ केला आणि विसरलो. पण आपल्या इथल्या पाण्यातला हायड्रा नेमका कुठला? ते काम पुण्यातच, आघारकर संशोधन संस्थेत, डॉ. सुरेंद्र घासकडबी आणि सहकाऱ्यांनी केलं. शरीररचनेचं वर्णन केलं, जनुकांवरून वंशवृक्षातली जागा ठरवली आणि २०११ साली 'करंट सायन्स'मध्ये छापलं. नाव: हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे. नवी जात नव्हे, माहीत असलेल्या जातीचा आपल्याकडचा वाण. म्हणजे हेडलाईन वगैरे काही नाही.

आता 'उपयोग काय'कडे येऊ.

हायड्राच्या अंगाची भिंत म्हणजे पेशींचे जेमतेम दोन थर. कवच नाही, खवले नाहीत. पाण्यात तांबं, कॅडमियम असलं काही आलं की आधी शुंडकांची टोकं गाठीसारखी फुगतात, मग शुंडकं आखडतात, मग अंग आकसतं आणि शेवटी अख्खा प्राणी विरघळून जातो. यातली कुठली पायरी आली, यावरून प्रयोगशाळांमध्ये पाणी किती विषारी आहे ते ठरवतात. पण गंमत अशी, की हिरवा हायड्रा आणि व्हल्गॅरिस यांची सोसण्याची ताकद सारखी नाही. मग नुसतं "हायड्रा मेला" या वाक्याला काय अर्थ? "ॲप चालत नाही" असं एका ओळीत लिहून, व्हर्जन न देता कुणी बग टाकला तर आपण काय करतो? तिकीट परत पाठवतो! जातीचं नाव म्हणजे तो व्हर्जन नंबर. तो नसेल तर बाकीची माहिती कचऱ्यात.

आता आपला पट्टा बघा. भोसरी, पिंपरी, चाकण. मध्ये पवना आणि इंद्रायणी. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस आल्याचे फोटो आपण किती वेळा फॉरवर्ड केलेत? कारखान्याच्या सांडपाण्यासाठी रासायनिक मापदंड आहेत, शिवाय माशांची चाचणी आहे: निव्वळ सांडपाण्यात ९६ तासांनी ९०% मासे जिवंत राहिले की पास. म्हणजे चार दिवसांत मेला नाही, अर्थात तब्येत ठणठणीत! यंत्राला जे रसायन विचाराल, तेवढंच ते सांगतं. सगळ्या घाणीचा मिळून जिवावर काय परिणाम होतो, ते जीवच सांगतो. आणि मरायच्या कितीतरी आधी सांगतो.

"आधी सांडपाणी प्रकल्प नीट चालवा, मग हायड्रा बघू," असं मित्र म्हणेल. चालवाच की! पण नीट चालतोय हे कळणार कसं? टेस्टिंगशिवाय रिलीज करणाऱ्या टीमला आपण काय म्हणतो, ते इथे लिहिता येणार नाही.

भारतीय प्राणी सर्वेक्षण ही १९१६ सालची संस्था. तिचं पश्चिम विभागीय केंद्र कुठे आहे? आकुर्डीला, रावेत रस्त्यावर! आपल्यापैकी निम्मे लोक रोज तिथून बाईक नेतात. किती जणांनी पाटी वाचली? मी तरी कित्येक वर्षं नव्हती वाचली.

नदीला, महापालिकेला, सरकारला नावं ठेवण्यात आपण पटाईत. त्याच नदीतल्या जिवांना नीट नाव देणारी माणसं मात्र आपल्याला रिकामटेकडी वाटतात. मला विचाराल तर नदी तपासणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेत असा एक तरी माणूस पगारी हवा.

सोमवारी मित्राला हेच सांगणार आहे. चहाचे पैसे मीच देईन.