बाटली भरली तेव्हा गाव कुठे होतं?



ओहळाचं पाणी काळं झालं, मासे-खेकडे मेले, गुरं पाण्याला तोंड लावत नाहीत, ही तक्रार घेऊन आपण गेलो की साहेब लोक कागद पुढं सरकवतात. "मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट आहे. सगळं मर्यादेत आहे." कागद इंग्रजीत. आपण गप उठून यायचं.

का म्हणून गप? ही मान्यता काय असते ते समजून घ्या. एनएबीएल ही संस्था लॅब तपासते. यंत्रं बरोबर मोजतात का, माणसं शिकलेली आहेत का, ते बघते. मान्यता सरसकट नसते, ठरावीक तपासण्यांची यादी असते. यादीबाहेरच्या तपासणीला तो शिक्का चालत नाही. आणि कारखान्यानंच बाटली भरून आणून दिली असेल, तर लॅब फक्त त्या बाटलीपुरतं बोलते. तसं वाक्य रिपोर्टात बारीक अक्षरात असतं. ते शोधा. बाटली पाइपाच्या तोंडाशी भरली की वरच्या चांगल्या डोहात, रात्री पाणी सोडताना भरली की दिवसा पाइप कोरडा असताना, ते लॅबला कुठून कळणार?

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते त्याचं माप. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याला सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅमची. नमुना बर्फात ठेवून लवकर न्यावा लागतो. उन्हात गाडीत पडून राहिला तर आकडा आपोआप उतरतो. मग शिक्का खरा आणि रिपोर्ट खोटा!

आता कायदा बघा. १९७४ च्या पाणी कायद्यात, कलम २१ प्रमाणे, सांडपाण्याचा नमुना घेताना कारखानदाराला नोटीस द्यायची. त्याच्यासमोर दोन भाग करून सील करायचे, त्याची सही घ्यायची. कलम २२ प्रमाणे रिपोर्टच्या तीन प्रती: एक कारखानदाराला, एक कोर्टासाठी, एक मंडळाकडं. पाणी पिणाऱ्या गावाला एकही नाही! घाण करणाऱ्याला मान, घाण पिणाऱ्याला कान धरून बाहेर.

सरकार लॅबला मदत करतं, मार्गदर्शन करतं. करू दे. आपलं लॅबशी भांडण नाही. इमानदार लॅब आपल्यालाही पाहिजे, कारण आपण घरून भरून नेलेली बाटली कोर्टात टिकत नाही. पण गावाला मार्गदर्शन कोण करणार? ते आपणच करायचं.

वनहक्क कायदा २००६, कलम ५ : पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. त्याच्या आधारानं ठराव करा :

१. नमुना मंडळानंच घ्यावा, ग्रामसभेच्या माणसांसमोर. जागा आणि वेळ पंचनाम्यात लिहावी.
२. लॅबच्या मान्यतेची यादी गावाला दाखवावी.
३. रिपोर्ट मराठीत ग्रामसभेत वाचावा.

रिपोर्ट देत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दारिद्र्यरेषेखाली असाल तर फी नाही. तरी हालचाल नसेल तर कलम ४९ प्रमाणे ६० दिवसांची नोटीस देऊन आपण स्वतः कोर्टात तक्रार करू शकतो. तेव्हा मागितले तर मंडळाला आपल्याजवळचे रिपोर्ट द्यावे लागतात.

पुढच्या ग्रामसभेत पाड्यापाड्यातून या. बायांनी तर याच, पाणी त्याच भरतात.

पाणी आमचं, बाटली आमच्यासमोर भरा!